उलव्यात घर: थेट विकत घ्यावे की आधी भाड्याने राहून पाहावे?

पारसिक (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही सध्या डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या घरात राहतो. माझे कार्यालय बेलापूरला आणि पत्नीचे फोर्टात आहे. घरात माझी आई आहे आणि मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. नेरूळ, सीवूड्स आणि खारघर येथील भाव आमच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे पावसाळा संपल्यापासून आम्ही नवी मुंबईतील उलव्यात घरे पाहत आहोत. परिसर मोकळा आहे, रस्ते रुंद आहेत आणि नव्या इमारतीतील टू बीएचके आमच्या मर्यादेत कसेबसे बसते.

मात्र दोन गोष्टींनी गोंधळ उडाला आहे. एकाच सेक्टरमधील, जवळपास सारख्याच चटई क्षेत्राच्या दोन घरांच्या किमतींत बराच फरक दिसतो. कारण विचारले की दलाल एवढेच सांगतात, "ती इमारत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आहे आणि ही टेंडरच्या भूखंडावर." याचा अर्थ घेणाऱ्याच्या दृष्टीने नेमका काय होतो? दुसरे असे की विमानतळ सुरू झाला असल्याने आता थांबलात तर घर हातचे जाईल, असे प्रत्येक जण बजावतो. आधी वर्षभर भाड्याने राहावे असे पत्नीचे मत आहे, तर भाड्यापोटी जाणारे पैसे हप्त्यात का घालू नयेत असा माझा प्रश्न आहे. प्रत्यक्ष तेथे राहणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ

पत्नीच्या प्रवासापासून सुरुवात करतो, कारण उलव्यात माणूस टिकतो की कंटाळून परत जातो हे बहुधा त्यावरच ठरते. तुमचा स्वतःचा प्रश्न सोपा आहे, कारण बामणडोंगरी किंवा खारकोपरहून लोकलने बेलापूर जवळ पडते. फोर्टासाठी मात्र थेट गाडी नाही. नेरूळला किंवा बेलापूरला उतरून हार्बर मार्गाची सीएसएमटी लोकल पकडावी लागते आणि नेरूळपासून पुढे साधारण तासभर जातो. त्यातही खरी अडचण अंतराची नसून उरण मार्गावरील गाड्यांमधल्या खंडाची आहे. संध्याकाळी हार्बरची लोकल थोडी रखडली आणि नेरूळची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, तर पुढच्या गाडीची वाट पाहण्यात स्वयंपाकाची वेळ टळून जाते. अटल सेतूवरून मंत्रालयापर्यंत जाणारी एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिकेची) बस हा दुसरा पर्याय असून तिच्या फेऱ्या वहिनींच्या वेळेशी जुळल्या तर तो उत्तम आहे. स्वतःची मोटार रोज सेतूवरून नेण्याचा विचार असेल, तर एका फेरीच्या २५० रुपयांच्या पथकराचा महिन्याचा हिशेब आधी मांडा. दुचाकींना सेतूवर परवानगीच नाही.

आता विमानतळाबद्दल. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली, हे खरे आहे. पण "विमानतळ येणार" या एका वाक्यावर उलव्यात कित्येक वर्षे घरे विकली गेली आहेत, त्यामुळे त्याची किंमत तुम्ही पाहत असलेल्या भावात कधीच मिसळलेली आहे. घाई करून तुम्हाला त्यात वेगळे काही मिळणार नाही. येथील आश्वासने पुरी होतात, परंतु त्यांच्या सवडीने होतात. नेरूळ-उरण रेल्वेला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली आणि सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) व रेल्वे यांनी ६७ आणि ३३ टक्के असा खर्च वाटून घेतला. तरी खारकोपरपर्यंत गाडी यायला नोव्हेंबर २०१८ आणि उरणपर्यंत जायला जानेवारी २०२४ उजाडले. म्हणून आज जे चालू आहे, तेवढ्यावरच घर परवडते का आणि सोसते का, ते पाहावे.

पाण्याविषयी दलालाला विचारू नका. सकाळी लवकर इमारतीच्या फाटकापाशी जा. भूमिगत टाकीच्या झाकणाजवळ जाड पाइप वेटोळे करून कायमचा ठेवलेला असेल आणि फाटकातल्या पेव्हर ब्लॉकवर टँकरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या असतील, तर उत्तर मिळाले असे समजा. उलव्याला हेटवणे धरणाचे पाणी येते. धरण पेण तालुक्यात आहे आणि जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की त्या दिवशी सगळ्यांचेच हाल होतात, ती गोष्ट निराळी. परंतु रोजचा टँकर घेणारी सोसायटी आणि क्वचित टँकर घेणारी सोसायटी यांच्या मासिक देखभाल खर्चात मोठी तफावत पडते. शक्य झाल्यास सोसायटीचा मागील वर्षाचा जमाखर्च पाहायला मागा.

दस्तऐवज

मी पनवेल परिसरात खरेदीखते आणि गृहकर्जाच्या कागदपत्रांचे काम करतो, म्हणून भूखंडांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

नवी मुंबईसाठी ज्यांची जमीन संपादित झाली, त्यांना संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आहे. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के जमीन हाती येते. मूळ योजनेत या भूखंडांना दीड चटई निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम) आणि १५ टक्के वाणिज्य वापर मंजूर आहे, म्हणून उलव्यात लहान भूखंडांवर आटोपशीर इमारती आणि त्यांच्या तळमजल्यावर दुकानांची रांग सर्वत्र दिसते. टेंडरचे भूखंड सिडकोने निविदा काढून थेट विकसकाला दिलेले असतात. ते बहुधा मोठे असल्याने तेथे बाग, पार्किंग आणि क्लब हाउस यांना जागा मिळते, आणि किमतीतला बराचसा फरक त्याचा असतो.

उरलेला फरक कागदांचा आहे. टेंडरच्या भूखंडात सिडको आणि विकसक असे दोनच पक्ष असतात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात आधी शेतकऱ्याच्या नावे वाटप, मग सिडकोशी भाडेपट्टा आणि त्यानंतर सिडको, मूळ वाटपधारक व विकसक यांचा त्रिपक्षीय करार अशी साखळी असते. काही भूखंड तर एका विकसकाकडून दुसऱ्याकडे गेलेले असतात आणि प्रत्येक वेळी नवा त्रिपक्षीय करार झालेला असावा लागतो. या साखळीतील एखादी कडी गहाळ असणे किंवा वाटपधारकाच्या वारसांपैकी एखाद्या बहिणीची सही राहून जाणे, हे माझ्या पाहण्यातले नेहमीचे दोष आहेत. बहिणीने पुढे दावा लावला की घरमालकाला काही वर्षे कोर्टाच्या तारखा मोजाव्या लागतात. याचा अर्थ असे घर घेऊच नये असा मुळीच नाही. साखळी पूर्ण असेल, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) हातात असेल आणि राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज देत असेल, तर कमी किमतीचा लाभ अवश्य घ्यावा.

मात्र याच पट्ट्यात आणखी स्वस्त असा तिसरा प्रकार तुम्हाला दाखवला जाईल. गावठाणालगतच्या "गरजेपोटी" म्हणजे ग्रामस्थांनी गरज म्हणून परवानगीविना केलेल्या बांधकामांतील सदनिका फार कमी दरात मिळतात. परंतु बांधकाम परवानगीच नसल्याने सहसा कर्ज मिळत नाही आणि सगळा व्यवहार नोटरीच्या कागदावर उरकण्याचा आग्रह होतो. तेथे मी माझ्या नातेवाइकालाही पाऊल टाकू देणार नाही.

जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्यामुळे पुनर्विक्रीच्या घरात हस्तांतरणाची परवानगी आणि तिचे शुल्क हा विषय निघतो. ते विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, हे विसार देण्यापूर्वी लेखी ठरवा. घर केवळ पत्नीच्या नावावर घेणार असाल, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही ध्यानात असू द्या.

आगरपुत्र

दस्तऐवज यांनी सांगितलेले नियम बरोबर आहेत, पण "साडेबारा टक्के म्हणजे भानगड" असा समज त्यातून होऊ नये म्हणून लिहितो. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या. भातशेती आणि मिठागरे गेली, मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ज्यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले, त्या दि. बा. पाटलांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून पुढच्या पिढीलाही रस्त्यावर उतरावे लागले. साडेबारा टक्क्यांचा भूखंड आम्हाला मिळाला तो या मार्गाने, आणि त्याचे वाटप इतके रेंगाळले की दरम्यान मूळ खातेदार वारले व एका सातबाऱ्याचे वीस वारस झाले. सह्यांचा घोळ तिथून सुरू होतो. वारसांची नावे दलालाकडून ऐकण्यापेक्षा गावात येऊन सरळ विचारा. कोणाचा भूखंड, किती भावंडे, कोणती मुलगी कुठे दिली आहे, हे आमच्याकडे कट्ट्यावर बसलेला कोणीही सांगेल, आणि ती माहिती वकिलाच्या शोध अहवालाला पूरक ठरते.

पारसिक साहेब, आणखी एक बाब. खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिकेत गेल्या, उलवे गेले नाही. वसाहतीची कामे सिडकोकडे आणि गावांची ग्रामपंचायतींकडे अशी येथे विभागणी आहे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, तर नगरसेवकाच्या दारात जाण्याची सोय नाही. तक्रार करून पाठपुरावा करणारी खमकी सोसायटी मिळणे, हे येथे क्लब हाउसपेक्षा मोलाचे आहे.

पारसिक

तिघांचेही मनापासून आभार. भूखंडांचे कोडे सुटले. एक शंका उरते. भाड्याने राहायचेच ठरवले तर केव्हा यावे आणि कोणत्या भागात? आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि तिला दर महिन्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते.

शेवंती

दादा, मी बामणडोंगरी स्थानकाजवळ भाड्याने राहते आणि माझेही कार्यालय मुंबईत आहे, त्यामुळे वहिनींच्या बाजूने मत देते. उलव्यात घरभाडे हे घराच्या किमतीच्या मानाने बरेच कमी आहे, कारण गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली रिकामी घरे पुष्कळ आहेत. तुमच्या मर्यादेतील घराचा हप्ता आणि त्याच घराचे भाडे शेजारी लिहून पाहा. हप्त्यात पैसे "वाचतात" हे गणित पहिली काही वर्षे तरी जुळत नाही.

यायचे तर एप्रिल-मेमध्ये या. शाळांचे प्रवेश त्याच्या कितीतरी आधी उरकतात, म्हणून शाळा मात्र आत्ताच पाहून ठेवा. उन्हाळ्यात आलात की पाण्याची खरी स्थिती पहिल्याच महिन्यात कळते आणि पाठोपाठ पावसाळा येतो. खाडीवरून येणारा वारा पाऊस आडवा मारतो. पश्चिमेकडील भिंतींना कोठे ओल येते, खिडकीच्या सरकत्या चौकटीतून पाणी कोठे झिरपते आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते का, हे नव्या इमारतीचा नमुना फ्लॅट कधीच सांगणार नाही. विमानांच्या आवाजाचेही तसेच आहे. काही सेक्टरांत तो जाणवतो, काहींत नाही, आणि ते तेथे झोपल्याशिवाय कळत नाही.

आईंसाठी स्थानकापासून रिक्षाशिवाय पोहोचता येईल असाच सेक्टर निवडा. किरकोळ आजारांसाठी दवाखाने आणि औषधांची दुकाने भरपूर आहेत, परंतु तज्ज्ञ डॉक्टरांसाठी आम्ही बेलापूर किंवा नेरूळच गाठतो. रात्री टॅक्सीचालक भाडे नाकारतात, हा अनुभव स्थानकापासून दूरच्या सेक्टरांत जास्त येतो. बाजाराची काळजी नको. भाजी-किराणा सगळे खालीच मिळते, आणि मासे खात असाल तर मोरावे गावाकडच्या मावश्या खाडीची ताजी कोळंबी आणि निवट्या टोपलीतून आणतात, फक्त सकाळी दहाच्या आत खाली उतरावे लागते.

भाडेकरार नोंदणीकृत करा आणि त्यात एक अट अवश्य घाला. येथील बहुतेक मालक बाहेरगावी राहतात आणि चांगले गिऱ्हाईक आले की घर विकायला काढतात. करार चालू असताना घर विकले गेले, तर किमान दोन महिन्यांची लेखी सूचना मिळावी आणि अनामत रक्कम घर सोडण्याच्या दिवशीच परत मिळावी, असे त्यात स्पष्ट लिहून घ्या. तेच घर तुम्हाला आवडले, तर पहिली विचारणा तुमच्याकडे व्हावी, हेही जोडता येते. माझ्या मालकांनी काहीही खळखळ न करता मान्य केले.