अडतं ते मुक्कामात

अमेरिकेत पिस्तूल घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याबद्दल असं म्हटलं जातं, की ‘१९८६ च्या केंद्रीय कायद्यात सुरक्षित प्रवासाचं कलम आहे, त्यामुळे न्यू जर्सीत पिस्तूल सापडलं तरी वकील सोडवेल’ हा मुद्दा अर्धाच खरा. कलम आहे, पण अटी अगदी शब्दशः तपासतात. निघाल्या आणि पोचायच्या, दोन्ही ठिकाणी ते बाळगणं कायदेशीर हवं, पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल किंवा गोळ्या सहज हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी. ग्लव्ह कंपार्टमेंटला कुलूप लावलंय म्हणून भागत नाही.

थर्ड सर्किटचा, म्हणजे तिथल्या एका केंद्रीय अपील न्यायालयाचा, २०१० चा निकाल बघा. यूटाचा एक माणूस विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघालेला, पिस्तूल रीतसर जाहीर करून चेक-इन सामानात दिलेलं. वाटेत न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं, बॅग परत हातात आली, ती घेऊन बिचारा रात्री हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर पुन्हा प्रामाणिकपणे जाहीर केलं, आणि थेट अटक! काही दिवस कोठडीत गेले. फौजदारी खटला पुढे मागे घेतला, पण भरपाईचा दावा तो हरला, कारण रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. त्याची चूक नसताना तो पेचात सापडला हे न्यायालयानेही मान्य केलं. वर सल्ला असा, की अशा वेळी सामान ताब्यात घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांना किंवा कर्मचाऱ्यांना गाठावं. आता रात्री कन्व्हेयरवर बॅग फिरत असताना हे कोणाला सुचणार?