मदत हवी आहे: जुन्या गेममधली कोणती गोष्ट तुम्ही उचललीत?

गेम बनवणाऱ्यांना एक प्रश्न. आवडती जुनी गेम कोणती, हे सगळेच सांगतात. 'मेटल गिअर' बनवणारे हिदेओ कोजिमा १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं नाव घेतात, 'डूम'वाले जॉन रोमेरो 'पॅक-मॅन'चं. पण त्या आवडीतून आपल्या कोडमध्ये नक्की काय उतरलं, ते कुणी फारसं बोलत नाही. मला तेच हवंय.

माझं असं झालंय. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) माझी लाडकी. त्यात ५५ एलियन्स, आणि दर फ्रेमला (पडद्यावर चित्र नव्याने उमटतं तेव्हा) फक्त एकच पुढे सरकतो. त्यामुळे जितके माराल तितकी उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि वेग आपोआप वाढतो. शेवटचा एकटा तर सुसाट पळतो! हार्डवेअरच्या मर्यादेतून आलेली गोष्ट, पण ती गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ती तशीच ठेवली. फार शहाणपणाचं काम केलं, असं मला वाटतं.

मी माझ्या गेममध्ये वेगाचा साधा तक्ता लावलाय: काही शत्रू मेले की थोडा वेग वाढव. गणित बरोबर आहे, पण खेळताना छातीत धडधड होत नाही. टप्पे जाणवतात, गियर बदलल्यासारखे. आवाजाचा ठेका वेगाबरोबर वाढवायला हवा का? की तक्ता फेकून मूळ पद्धतच घ्यावी? पण माझ्याकडे शत्रू १२च आहेत, तेवढ्यात ती चढण जमेल का?

कुणी असं काही करून पाहिलं असेल तर सांगा. फसलेलं असेल तरी चालेल, उलट तेच आधी सांगा.