मदत हवी आहे: चामड्याच्या बादल्या आणि आगीवर फेकायचे काचेचे गोळे

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका जुन्या कंट्री हाऊसमध्ये (जमीनदार घराण्याच्या गावाकडच्या मोठ्या वाड्यात) मी स्वयंसेवक म्हणून काम करते. तिथे आग विझवायच्या चामड्याच्या बादल्या ओळीने टांगल्या आहेत. घराण्याचं चिन्ह रंगवलेल्या, शिवणीवर तांब्याचे रिबिट. रंगाचे पोपडे सुटतायत, काठाचं चामडं तपकिरी भुगा होऊन बोटांना लागतं. तेल लावायला मन धजत नाही. चामड्याच्या जतनाचं काम केलेलं इथे कुणी आहे का?

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. आगीवर फेकायचे निळ्या काचेचे सीलबंद गोळेही सापडलेत. १८८०च्या दशकात असे गोळे खूप खपायचे. त्यांत सुरुवातीला मिठाचं पाणी असे, पुढे कार्बन टेट्राक्लोराइड आलं, आणि ते विषारी. न फोडता आतलं द्रव्य ओळखता येतं का? तोवर ते गोळे एका कपाटात कुलूपबंद ठेवलेत.