मदत हवी आहे: इलिप्टिकल सायकल, ओला घाटउतार आणि व्ही-ब्रेक

पेडलऐवजी दोन फूटबोर्डवर उभ्याने चालवायची सायकल, २० इंची चाकं, दोन्ही चाकांना व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी रबरी पॅड दाबणारे). पावसात जुन्या कात्रज घाटातून उतरताना ब्रेक आधी नुसताच सरकतो, रिमवरचं पाणी पुसलं गेलं की एकदम पकडतो. सीटच नाही, त्यामुळे वजन मागे नेऊन बसता येत नाही आणि पुढचा ब्रेक दाबायला धीर होत नाही.

रिम स्पिरिटने पुसली, पॅडमध्ये रुतलेले अॅल्युमिनियमचे कण टोकरून काढले, टायरची हवा थोडी कमी केली, वळणाआधीच ब्रेक हलका घासत ठेवतो. कोरड्यात फरक पडला, ओल्यात जेमतेम. केबल नवीन आहे. डिस्क ब्रेक बसवायला फ्रेमवर माउंट नाही, फोर्क बदलायचा नाही.

ओल्यासाठीचे सॅल्मन (गुलाबी-केशरी) रंगाचे पॅड पुण्यात कुठे मिळतील? आणि ओल्या वळणावर बाहेरचा पाय खाली ठेवायचा की दोन्ही फूटबोर्ड समपातळीत?