युकॉनमधील लहान अँग्लिकन मंडळीला पाळक कसा मिळावा?

प्रश्न : उत्तरवासिनी

कॅनडातील युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्सपासून बऱ्याच अंतरावर असलेल्या एका लहान गावात मी शिक्षिका आहे आणि येथील अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) मंडळीची सभासद आहे. आमचे कुटुंब महाराष्ट्रात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे (सीएनआय) असल्यामुळे येथील उपासना मला कधी परकी वाटली नाही. आमचे पाळक निवृत्त होऊन दक्षिणेकडे गेले, तेव्हापासून त्यांची जागा रिकामी आहे. रविवारी वीसएक माणसे जमतात. त्यांतील निम्म्याहून अधिक येथील फर्स्ट नेशनची, म्हणजे मूळ आदिवासी समाजाची, वडीलधारी मंडळी आहेत आणि उरलेले शिक्षक, परिचारिका व खाणकामगारांची कुटुंबे आहेत. इच्छुक पाळकांना दाखवता येईल असे मंडळीच्या माहितीचे टिपण तयार करण्यास बिशपांनी सांगितले असून, त्यासाठीच्या समितीत वॉर्डनांनी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सभासदांनी) मलाही घेतले आहे.

आमच्या दानातून पूर्ण मानधन निघत नाही. काउन्सिल ऑफ द नॉर्थच्या (उत्तरेकडील मंडळ्यांना आधार देणाऱ्या चर्चच्या परिषदेच्या) मार्फत आमच्या धर्मप्रांताला, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील सर्व मंडळ्यांना मिळून, जे अनुदान मिळते, ते अनेक मंडळ्यांना पुरवावे लागते. पूर्णवेळ पाळक मिळेपर्यंत थांबावे असे काहींना वाटते, तर अर्धवेळ का होईना, कोणीतरी लवकर यावे असे इतरांना वाटते. टिपणात नेमके काय लिहावे, भारतातून एखाद्या प्रेस्बिटरला (दीक्षित पाळकाला) बोलावता येईल का, आणि तोपर्यंत उपासना कशी चालू ठेवावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त पाळक

कॅनडाच्या मैदानी प्रांतांतील विखुरलेल्या मंडळ्यांची सेवा मी केली आहे आणि अशी टिपणे दोन्ही बाजूंनी, म्हणजे अर्जदार म्हणून आणि समितीचा सल्लागार म्हणूनही, वाचली आहेत. त्यांपैकी बहुतेकांत एकच उणीव आढळते. मंडळी आपल्याला कसा पाळक हवा आहे याचे सविस्तर वर्णन करते, तरुण असावा, अनुभवी असावा, मुलांमध्ये रमणारा आणि वृद्धांना भेटणारा असावा, असे सारे लिहिते. पण स्वतः काय देऊ शकते याविषयी दोन ओळींपलीकडे जात नाही. आपण याच्या उलट करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पाळकाच्या निवासस्थानाची खरी स्थिती लिहावी. घर कशाने तापवले जाते, इंधनाचा खर्च कोण करते, पाणी नळाने येते की टाकीत भरावे लागते, उणे चाळीस अंशांत नळ गोठले तर कोणाला बोलवायचे, हे सर्व येऊ द्यावे. व्हाइटहॉर्समध्येसुद्धा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सुमारे साडेपाच तासांचाच असतो. आपले गाव त्याहून उत्तरेला असल्यास तो आणखी लहान असेल. दक्षिणेकडून येणाऱ्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात हा अंधार थंडीपेक्षाही जड जातो. पती किंवा पत्नीला गावात कोणती नोकरी मिळू शकेल, शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, जवळचे रुग्णालय किती दूर आहे, हेही लिहावे, कारण माझ्या पाहण्यात लहान गावे सोडून गेलेले बहुतेक पाळक मंडळीशी मतभेद झाल्यामुळे गेले नाहीत, घरच्या माणसांची घुसमट त्यांना पाहवेना म्हणून गेले. वर्षातून एकदा दीर्घ रजा आणि दक्षिणेकडच्या प्रवासाचा खर्च देणे शक्य असेल, तर ते वाक्य पहिल्याच पानावर असावे.

अर्धवेळ नेमणुकीविषयी मला काळजी वाटते, ती वेगळ्या कारणाने. लहान गावात पाळक केवळ आपल्या वीस माणसांचा राहत नाही. अंत्यविधी असला की सारे गाव येते, आणि चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेली माणसेही मध्यरात्री त्याचेच दार ठोठावतात. अर्धे मानधन देऊन पूर्ण माणूस मागणे अन्यायाचे आहे. अर्धवेळच परवडत असेल तर आठवड्यातील कोणते दिवस त्याचे स्वतःचे असतील, हे वॉर्डनांनी आधीच लेखी ठरवावे आणि मंडळीला स्पष्ट सांगावे.

उत्तर : मंडळीसेवक

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण त्याआधी एक प्रश्न विचारावासा वाटतो. पाळक बाहेरूनच आला पाहिजे, असे समितीने का गृहीत धरले आहे?

युकॉनच्या चर्चचा इतिहास याहून वेगळे सांगतो. १८९१ मध्ये हा धर्मप्रांत सेलकर्क या नावाने स्थापन झाला आणि विल्यम कार्पेंटर बोम्पास त्याचे पहिले बिशप झाले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १८६२ मध्ये, रॉबर्ट मॅक्डोनाल्ड युकॉन नदीकाठी आले होते. त्यांनी तेथील ग्विचिन या आदिवासी लोकांमध्ये राहून त्यांची भाषा आत्मसात केली, संपूर्ण बायबलचा तिच्यात अनुवाद केला आणि उपासना चालवू शकतील असे स्थानिक शिक्षक तयार केले. ही माणसे शिकारीच्या तळांवर आपल्या लोकांबरोबर राहून प्रार्थना घेत असत, जेथे वर्षानुवर्षे कोणी दीक्षित पाळक पोहोचू शकत नव्हता. उत्तरेतील विश्वास टिकला त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, पण बिशपांच्या चरित्रांत त्यांची नावे क्वचितच येतात, याचे मला मनापासून दुःख होते.

आपल्याकडे निम्म्याहून अधिक वडीलधारी माणसे येथलीच आहेत, असे आपण लिहिले आहे. कोणाच्या घरी दुःख झाले की सर्वात आधी कोण पोहोचते, कोणाच्या शब्दाला मान आहे, स्तोत्र कोण सुरू करते, याचा समितीने शांतपणे विचार करावा. अशा व्यक्तीला आधी ले-रीडर (दीक्षा नसलेला उपासना-चालक) म्हणून परवाना मिळू शकतो आणि पुढे बिशपांच्या संमतीने, गावातच राहून अभ्यास करून, डीकन (साहाय्यक सेवक) किंवा प्रीस्ट (पूर्ण दीक्षित पाळक) म्हणून दीक्षाही मिळू शकते. याला काही वर्षे लागतील आणि त्या व्यक्तीला धर्मप्रांताकडून सातत्याने मार्गदर्शन लागेल. तिच्यावर सगळा भार टाकून बाकीच्यांनी निश्चिंत होणे मात्र बरोबर नाही.

बाहेरून कोणी येणारच असेल, तर त्याला येथील जखमा ठाऊक असल्या पाहिजेत. युकॉनमधील कारक्रॉस येथील चूटला निवासी शाळा, जेथे आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवले जाई, १९११ पासून १९६९ पर्यंत चालली आणि ती अँग्लिकनांचीच होती. अशा शाळांबद्दल कॅनडातील अँग्लिकन चर्चच्या वतीने तत्कालीन प्रायमेट (प्रमुख बिशप) मायकल पीअर्स यांनी ६ ऑगस्ट १९९३ रोजी क्षमा मागितली. आपल्या मंडळीतील काही आजी-आजोबा लहानपणी अशा एखाद्या शाळेत गेलेले असण्याची शक्यता आहे. तरीही ते रविवारी येऊन बसतात, ही त्यांची केवढी मोठी देणगी आहे हे नव्या पाळकाला समजले पाहिजे, आणि म्हणून तो इतिहास टिपणात स्पष्ट शब्दांत, त्या वडीलधाऱ्यांना विचारूनच, लिहावा.

उत्तर : सीएनआय सभासद

भारतातून बोलावण्याविषयी लिहितो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झाले आणि ते अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे जगभरातील अँग्लिकन चर्चच्या कुटुंबाचे, पूर्ण सभासद आहे. त्यामुळे सीएनआयच्या प्रेस्बिटरची दीक्षा कॅनडातील बिशपांना मान्य होण्यास तत्त्वतः अडचण नाही. परंतु मंडळीने परस्पर कोणाला शब्द देऊ नये. भारतातील बिशपांचे अनुमतिपत्र, कॅनडातील बिशपांचा परवाना, चारित्र्याची तपासणी आणि काम करण्याची शासकीय परवानगी या सर्व गोष्टी लागतात, आणि त्यांची सुरुवात आपल्या युकॉनच्या बिशपांकडूनच झाली पाहिजे. शिवाय भारतातील मंडळ्यांनाही पाळकांची गरज आहे, हे आपण विसरू नये.

याहून जवळचा एक मार्ग आहे. २००१ च्या वॉटर्लू घोषणेनंतर कॅनडातील अँग्लिकन चर्च आणि तेथील इव्हँजेलिकल लुथरन चर्च यांच्यात पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे ती एकमेकांची दीक्षा व उपासना मान्य करतात. बिशपांनी परवाना दिल्यास लुथरन पाळकही आपल्या मंडळीत प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) देऊ शकतात. टिपणाची प्रत त्यांच्याकडेही पाठवावी, अशी विनंती समितीने बिशपांना अवश्य करावी.

उत्तरवासिनी :

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. येथील एक ज्येष्ठ भगिनी आमच्याकडे बराच काळ प्रार्थना घेत आल्या आहेत आणि गावातील प्रत्येक घर त्यांना ओळखते. तरीही समितीच्या चर्चेत त्यांचे नाव आजवर कोणीच घेतले नव्हते. पुढील बैठकीत हा विषय मांडण्यापूर्वी मी त्यांना स्वतः जाऊन भेटेन. एक शंका उरते. पाळक नसताना प्रभुभोजनाचे काय करावे? अनेकांना त्याची उणीव फार जाणवते.

उत्तर : निवृत्त पाळक

त्या भगिनींना भेटताना, त्यांनी नकार दिला तरी त्यांचा मान तितकाच राहील, हे आपल्या बोलण्यातून त्यांना जाणवू द्यावे.

आपल्या शंकेविषयी सांगतो. सकाळची प्रार्थना, स्तोत्रे, वाचने आणि मध्यस्थीच्या प्रार्थना यांसाठी दीक्षित पाळकाची गरज नसते, आणि बिशपांच्या परवानगीने ले-रीडर अंत्यविधीची उपासनाही चालवू शकतात. भाकर आणि द्राक्षारस यांवरील उपकारस्तुतीची प्रार्थना मात्र प्रीस्ट किंवा बिशपच करू शकतात. पाहुणे पाळक येतील त्या रविवारी अधिक भाकर व द्राक्षारस पवित्र करून ठेवता येतात आणि पुढील रविवारी डीकन किंवा परवाना असलेले सभासद ते मंडळीला देऊ शकतात. यासाठी बिशपांची लेखी संमती आधी घ्यावी. तसेच निवृत्त पाळकांपैकी कोणी दोन-तीन महिने गावात येऊन राहतील का, हेही त्याच पत्रात विचारावे. निवासस्थान रिकामे ठेवण्यापेक्षा ते गरम आणि वापरात राहणे इमारतीच्याही हिताचे आहे.