भंगारातला बगळा: बेअरिंगला मारलेला टाका तडकतो, काय चुकतंय?

लोखंडी_पाखरू:
साडेचार फुटी बगळा जोडायला घेतलाय, उघड्या गच्चीवर उभा राहणार आहे. पाय १२ मिमी सळईचे, अंग सायकलच्या चेनचं, पंखांना स्कूटरच्या क्लचप्लेटा, गुडघ्यांना बेअरिंग, मानेला शॉकअबचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) दांडा, पोटात पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) चाक. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ६०१३ (साध्या लोखंडासाठीचा) रॉड २.५ मिमी, ८० अँपिअर. साध्या लोखंडाला टाका छान बसतो. बेअरिंगला मारला की निवताना 'टिक्' होतं आणि टाक्याशेजारून तडा जातो. चाकाचंही तेच. करंट वाढवू का? आणि पावसाळ्यासाठी वरून काय लावावं?

टाकेवाला:
करंटचा दोष नाही. बेअरिंगच्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन असतो. टाक्यालगतचा भाग लाल होऊन झटकन निवला की ठिसूळ होतो, आणि आकसणारा टाका त्याला ओढून फोडतो. सगळ्यात सोपं म्हणजे बेअरिंगला वेल्ड करूच नका. भोकातून बोल्ट घाला, दोन्हीकडे वॉशर, आणि वेल्ड फक्त बोल्टला. गुडघा म्हणून तो शोभतोही जास्त. वेल्डच हवं असेल तर सील काढून ग्रीस पूर्ण धुवा, कारण आत कोंडलेलं ग्रीस तापलं की बेअरिंग फुटू शकतं. मग २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून ३०९एल या स्टेनलेसच्या रॉडने छोटे टाके घ्या आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्या.

बिडाला निकेल रॉड. महाग असतो, पण तुम्हाला एक-दोनच लागतील. एका वेळी २५ मिमीच भरा, लगेच हातोडीने हलके ठोके द्या, हात टेकवता येईपर्यंत थांबा, मग समोरच्या बाजूला जा. इथे घाई केलीत की चाक गेलं.

कुठला तुकडा कशाचा ते कळत नसेल तर ग्राइंडर टेकवा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर, जास्त कार्बनच्या फुलबाज्यासारख्या फुटणाऱ्या, बिडाच्या आखूड आणि लालसर.

कानस:
त्याआधी तीन वस्तू बाजूला काढा. जुन्या क्लचप्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्यांना ग्राइंडर लावू नका, अस्तर नसलेल्या पोलादी प्लेटा तेवढ्या वापरा. अख्ख्या शॉकअबला उष्णता देऊ नका, आत तेल असतं आणि काहींत दाबाखालचा वायू. शिवाय त्याच्या दांड्यावर क्रोम असतं, त्याचा धूर फुप्फुसांना फार वाईट. मान साध्या सळईची करा. चेन रॉकेलमध्ये दोनदा भिजवा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या आसपासही नको, त्याच्या वाफेपासून विषारी फॉस्जीन तयार होतो.

उभाआडवा:
१२ मिमीचे पाय वाऱ्याने थरथरतील आणि टाके घोट्याशी सुटतील. १६ मिमी घ्या. खाली ४५ बाय ४५ सेंमी, १० मिमी जाडीची प्लेट, तिचंच वजन १६ किलोच्या आसपास भरतं. गच्चीत भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. प्लेटवर फरशा रचून वजन वाढवा. अख्खा बगळा आधी नुसत्या टाचण्यांवर (छोट्या कच्च्या टाक्यांवर) उभा करून चारही बाजूंनी बघा, मागे उजेड ठेवून सावलीही बघा. आकृती सावलीत ओळखू आली नाही तर आणखी नटबोल्ट चिकटवून ती येत नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल या दोनच वस्तूंत बैलाचं डोकं उभं केलं होतं. तुमचं चाक आणि चेन बोलतायत, क्लचप्लेटा निम्म्या करा.

टाकेवाला:
फिनिशचं राहिलं. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, पूर्ण वाळल्यावर दोन घटकांच्या पीयू क्लिअरचे (पॉलियुरेथेनच्या पारदर्शक लेपाचे) दोन हात द्या. ओल अडकली तर क्लिअरखालून गंज फुगतो. चाकात, प्लेटांच्या वाट्यांत, जिथे पाणी साचेल तिथे सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं भोक पाडा. चेनच्या कड्यांत क्लिअर पोचत नाही, तिला उकळलेलं जवसाचं तेल पातळ लावा आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा द्या. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.