मदत हवी आहे: टू-टू (.२२ बोअर) रायफलने ससे चुकतायत, दुर्बीण बदलू का?

चेरीवाला
मंडळी, जरा लवकर सांगा. न्यूझीलंडमध्ये अलेक्झांड्राच्या बाहेर माझी छोटी चेरीची बाग आहे. ससे नव्या रोपांची साल बुडाशी गोल कुरतडतात, आणि अख्खी साल गेली की ते रोप गेलंच म्हणून समजा. परवाना आहे, रायफल आहे, मागच्या महिन्यापर्यंत मस्त चाललं होतं. आता जवळचाही चुकतो आणि लांबचाही. माणूस तोच, रायफल तीच. दुर्बीण बदलावी का? कुठली घेऊ? शनिवारी पाहुणे येतायत, त्याआधी निकाल लावायचाय. 'ससा किती गोड' वगैरे प्रतिसाद कृपया नकोत.

कडुनिंब
चुकतो म्हणजे गोळी वरून जाते, खालून, की बाजूने? किती अंतरावर? झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागायची जागा जुळवणं, किती मीटरला केलंय? गोळ्या कुठल्या?

चेरीवाला
गोळ्या टू-टूच्याच, आणखी कुठल्या असणार? अंतर नेहमीचंच. गवतात गोळी कुठे जाते ते कसं दिसणार? दुर्बिणीचं सांगा ना.

माजी_कॅडेट
आम्ही एनसीसीत टू-टूच चालवली, तीही दुर्बिणीशिवाय. श्वास अर्धा सोडायचा, ट्रिगर ओढायचा नाही, दाबत न्यायचा. आजकाल सगळ्यांना काच लागते.

चेरीवाला
सर, श्वास सोडतोच हो मी.

वेलिंग्टनकर
टू-टू विका आणि सतरा एचएमआर (.१७ बोअरची वेगवान रायफल) घ्या. १७ ग्रेनची, म्हणजे साधारण एक ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वर, शंभर मीटरपर्यंत जवळपास सरळ रेषेत जाते. मी घेतली तेव्हापासून मागे वळून पाहिलं नाही.

कडुनिंब
आणि गोळ्यांचा खर्च तुम्ही देणार का? शिवाय ती गोळी आवाजाच्या वेगाच्या कितीतरी वर जाते, कडाड् आवाज सगळ्या खोऱ्यात ऐकू जाईल. चेरीवाला, महिन्याभरात काय बदललं ते आधी सांगा.

चेरीवाला
काहीच नाही. शेजारच्या बाई आवाजावरून कुरकुर करायला लागल्या म्हणून सायलेन्सर लावला आणि सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या, गोळ्या आणल्या, एवढंच. झिरो ५० मीटरला आहे, दुकानदारानेच करून दिलं होतं.

कडुनिंब
धन्य आहात! झिरो जुन्या हायव्हेलॉसिटी (जास्त वेगाच्या) गोळीचं आहे. ती सेकंदाला साधारण १२५० फूट वेगाने निघते, सबसॉनिक १०५० च्या आसपास. त्यामुळे ५० मीटरलाच ती इंच-दीड इंच खाली लागते, ऐंशीला त्याहून बरीच. वर सायलेन्सरचं वजन नळीच्या टोकावर आलं की गोळी लागायची जागा आणखी सरकते, आणि कुठल्या बाजूला ते रायफलगणिक वेगळं. जवळचा चुकतो त्याचं कारण निराळं. दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर बसलेली असते, त्यामुळे दहा पावलांवर गोळी मुळातच इंचभर खाली जाते. दुर्बिणीला हात लावू नका. केळ्याचा रिकामा खोका ५० मीटरवर मातीच्या बांधापुढे ठेवा, त्यावर कागद चिकटवा, रायफल उशीवर टेकवून पाच गोळ्या मारा आणि भोकं बघा.

गोदाकाठ
गोळ्या झाडून ससे संपतात हा भ्रम आहे. तिथल्याच काही शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये सशांचा विषाणू चोरून आणून पसरवला होता. २०१८ मध्ये सरकारी परवानगीने नवा के-५ प्रकार सोडला. तरी ससे आहेतच! रोपांभोवती जाळी लावा, खालची कड जमिनीत गाडा.

चेरीवाला
जाळी लावलीय. खालून उकरून येतात.

वऱ्हाडी_दादा
भाऊ, आमच्याकडे रानडुकरं तुरीत घुसतात, रात्रभर जागल करा लागते. टू-टूनं डुक्कर पडते का?

कडुनिंब
दादा, अजिबात नाही. जखमी होऊन पळेल, हाल होऊन मरेल नाहीतर तुमच्याच अंगावर येईल. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावूच नका. आधी पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज.

वऱ्हाडी_दादा
अर्ज तर मागच्या सालचाच पडून हाय.

माजी_कॅडेट
सबसॉनिकने ससा मरतो तरी का?

वेलिंग्टनकर
हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणारी) असेल आणि डोक्यात लागली तर ५०-६० मीटरपर्यंत जागेवर. त्यापुढे मारू नये. पण माझं मत सतराच.

कडुनिंब
सतराचं एक बरं आहे, ती गोळी सहसा आदळून फुटते. टू-टूची संथ शिशाची गोळी दगडावर आपटून कुठेही उडते, आणि मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. अलेक्झांड्राकडे जिकडेतिकडे खडक. चेरीवाला, सशाच्या मागे मातीचा चढ नसेल तर घोड्याला बोट लावायचं नाही. शेजारच्या बाई आवाजावर थांबल्यात ते नशीब.

चेरीवाला
खोका लावला. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी, पण बरोब्बर दोन इंच खाली. दुर्बिणीची खुंटी किती क्लिक फिरवू?

वेलिंग्टनकर
पाव इंचाचा एक क्लिक, म्हणजे आठ.

कडुनिंब
पाव इंच शंभर यार्डांना! पन्नासला त्याच्या निम्मं, म्हणजे सोळाच्या आसपास. 'अप' लिहिलेल्या बाजूला. मग पुन्हा कागदावर मारून बघा, आणि सायलेन्सर घट्ट बसलाय ना तेही.

चेरीवाला
सोळा फिरवले, आता मधोमध. शनिवारी पुण्याहून भाचा येतोय, त्यालाही चालवायचीय. परवाना नाही. चालेल?

गोदाकाठ
भाच्याला हुरडा खायला न्या.

कडुनिंब
न्यूझीलंडमध्ये हुरडा? असो. परवानाधारकाने शेजारी उभं राहून लक्ष ठेवलं तर चालतं. म्हणजे हाताच्या अंतरावर तुम्ही स्वतः, आणि तेवढा वेळ तुमच्या हातात दुसरी बंदूक नको. घरात चहाला गेलात की रायफल बरोबर न्यायची.

मालवणी_मसाला
सशाचं मटण कोण करणार ते ठरलं का? ते कोरडं पडतं, वाटपात नारळ सढळ घाला.